हबवरचा ५८ आणि फ्रेमचं वय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मन लावून लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटलं नाही.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी इथे डर्बीत एक जुनी इंग्लिश रोड सायकल घेतली. तिच्यावर ना बिल्ला, ना नाव. मी ती १९४८ची ठरवली. तुमचे आक्षेप तीन. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या, आऱ्या जोडलेल्या भागावर) स्पष्ट ५८ असताना ४८ कुठून आणलं? फ्रेम नंबर यादीत बघितला असता तर एवढं लांबण लावायची गरज काय होती? आणि मी चाकं २७ इंची लिहिली, पण माझ्याच फोटोत टायरवर ५९७ वाचता येतंय.

तिसरा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. काल टायर पुसून वाचला, ३२-५९७ : रुंदी ३२ आणि रिमचा व्यास ५९७ मिलिमीटर. म्हणजे २६ बाय सव्वा इंच. २७ इंची रिमचा आकडा ६३० असतो. दोन रिमच्या त्रिज्येत साडेसोळा मिलिमीटरचा फरक पडतो, तो ब्रेकला लगेच कळतो. मी ब्रेकचे रबर पाहिले. ते ब्रेकमधल्या खाचेच्या बरोबर मध्यावर, अगदी नीट बसलेत. म्हणजे फ्रेम याच मापाच्या चाकासाठी बांधलेली आहे. युद्धाआधी इथल्या क्लबच्या सायकलींना सर्रास हेच माप असायचं, २७ इंची नंतर रुळलं. रॅलेने मात्र आपल्या लेंटन या मॉडेलला पन्नासच्या दशकातही २६ बाय सव्वाच ठेवलं होतं. म्हणून एवढ्यावरून साल ठरत नाही. पण माझी चूक ती चूकच. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता हबकडे येतो. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर 'एडब्ल्यू' हे मॉडेलचं नाव, खाली ५८ आणि बाजूला ४ असं ठोकलंय. म्हणजे हब एप्रिल १९५८ला तयार झालं, यात वाद नाही. तुम्ही लिहिलंत की तुमच्या वडिलांचं सांगलीत सायकलचं दुकान होतं आणि ते हब बघून साल सांगायचे. ते बरोबरच सांगत असणार. नॉटिंगहॅम-बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून जी काळी सायकल अख्खी तयार होऊन बाहेर पडायची, तिचं हब आणि फ्रेम यांत फार तर काही महिन्यांचं अंतर असायचं. आणि ते मूळ चाक आपल्याकडे वर्षानुवर्षं चालायचं.

इथल्या क्लबमध्ये जाणाऱ्या लोकांची रीत वेगळी होती. लहान कारागिराकडून नुसती फ्रेम बांधून घ्यायची. चाकं, गिअर, ब्रेक, सीट आपल्या खिशाप्रमाणे लावायचं आणि पुढे बदलत राहायचं. अशा सायकलीत हबवरचं साल फक्त चाकाबद्दल बोलतं : हे चाक त्या महिन्याच्या आधी बांधलेलं नाही. फ्रेमबद्दल ते गप्प असतं.

मग फ्रेम काय सांगते? सायकल उलटी केली की उजव्या बाजूच्या खालच्या नळीला, बी.बी. (पेडलचा अ‍ॅक्सल जिथे बसतो तो फ्रेमचा खालचा भाग) आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध, अंगठ्याच्या नखाएवढा एक उंचवटा लागतो. मी तो आधी झाळकामाचा राहिलेला गोळा समजत होतो. टाचणीने रंग खरवडला तर आत आटे निघाले! बर्मिंगहॅमच्या सायक्लो कंपनीचा डिरेलर गिअर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा, इथे बसायचा. तो आजच्यासारखा मागे अ‍ॅक्सलपाशी लटकत नसे, नळीच्या पोटाखाली असायचा. हबमधला गिअर लावायचा असता तर कुणी मुद्दाम पैसे देऊन हा उंचवटा झाळून घेतला नसता. म्हणजे फ्रेम सायक्लोसाठी बांधली आणि तीन गिअरचं हब नंतर आलं.

हा क्रम रंगातही दिसतो. त्या आट्यांत निळा रंग भरलाय आणि निळ्याच्या खाली तपकिरी लाल. म्हणजे निळा रंग मारला तेव्हा सायक्लो निघालेला होता. पुढे हबच्या केबलची कप्पी ज्या पट्टीने सीटच्या नळीला आवळलीय ती पट्टी सोडवली, तर तिच्याखाली निळा रंग अखंड. पट्टी रंगानंतर आली. आधी लाल सायकल सायक्लोसह, मग निळा रंग, मग ५८ किंवा त्यानंतरचं चाक. मला या सायकलीत सगळ्यात जास्त आनंद या शोधाचा झाला.

आता नंबर. बी.बी.खाली ४८१७ आहे. तुम्ही म्हणता यादी बघा, पण कोणाची? मोठ्या कारखान्यांचं सोपं असतं. सत्तरच्या दशकात रॅलेने नंबरातच कारखान्याचं अक्षर आणि सालाचा आकडा घालायला सुरुवात केली. पण ही फ्रेम रॅलेची नाही. तिच्या बी.बी.ला इंचाला २४ आटे आहेत, रॅले आपल्या फ्रेमला २६ पाडायची. हेचिन्स या कारागिराची असती तर मागच्या नागमोडी नळ्यांवरून लांबूनच ओळखली असती. लहान कारागीर प्रत्येकी आपल्या पद्धतीने नंबर टाकायचे : कुणी साल घालून, कुणी नुसते ओळीने. कारागीर कळल्याशिवाय ४८१७ला अर्थ नाही.

आणि इथेच तुमचा पहिला आक्षेप मला लागला. मी ४८ कुठून आणलं? याच नंबरातून. पहिले दोन आकडे साल वाटले, आवडले, आणि मी शीर्षकात घालून टाकले. तुम्ही हबवरच्या आकड्याला फ्रेमचं साल मानलंत, मी बी.बी.वरच्या आकड्याला. शीर्षक बदललं आहे. आता तिथे '१९३५ ते १९५५च्या दरम्यान' असं आहे. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत डिरेलर अडकवायचा कान मागच्या पत्रीलाच (मागचं चाक जिथे बसतं तिथे) येऊ लागला होता, तो इथे नाही, म्हणून शेवटची मर्यादा तिथे धरली. १९३५ हे रेनॉल्ड्स कंपनीची ५३१ ही चांगल्या फ्रेमना वापरली जाणारी पातळ पोलादी नळी बाजारात आली ते साल. मात्र फ्रेमवरचं ५३१चं स्टिकर नवं छापलेलं आहे, त्यावर मी काही बेतलेलं नाही. सीटचा दांडा २७.२ मिलिमीटरचा बसतो, म्हणजे नळी पातळ आणि चांगल्या प्रतीची. नळीच्या कंपनीचं नाव त्यातून निघत नाही, त्यामुळे १९३५ ही मर्यादा सध्या कच्चीच समजा.

इथे १९५५पासून चालणारा वेटरन-सायकल क्लब आहे, तिथे एकेका कारागिराच्या फ्रेमचा अभ्यास केलेली माणसं आहेत. त्यांना उंचवट्याचे, नळ्यांच्या जोडांचे आणि नंबराचे फोटो पाठवतोय.

एक विनंती. वडिलांच्या दुकानातली सायकल अजून घरी आहे असं तुम्ही लिहिलंत. तिच्या हबवर काय ठोकलंय ते रॉकेलच्या फडक्याने पुसून बघाल का? आणि बी.बी.चे आटे मोजता आले तर तेही कळवा. फोटो पाठवलात तर पुढच्या लेखात तिच्याबद्दल लिहायला मला फार आवडेल.