बाबा, ब्रेक दाबा

झिजलेल्या ब्रेक पॅडला गाऱ्हाणे मांडता यावे म्हणून बऱ्याच गाड्यांत पॅडच्या कडेला पोलादाची एक बारीक पट्टी बसवलेली असते. घर्षणाचा थर २ ते ३ मिलिमीटरवर आला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासू लागते आणि चाकातून असा चीत्कार निघतो की रस्त्यावरची माणसे गाडीकडे नव्हे, चालकाकडे रोखून पाहतात. नव्या पॅडवर हाच थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. मधले सगळे मिलिमीटर आपण सिग्नल, गतिरोधक आणि शेजारच्या सीटवरून येणारे ‘अरे, हळू!’ यांवर खर्च केलेले असतात. माझ्या गाडीने असा टाहो फोडल्यावर मी पॅड घरीच बदलायचे, आणि हात काळे होणारच आहेत तर ब्रेक ऑइलही त्याच बैठकीत बदलायचे, असे जाहीर केले. घोषणा ऐकताच घरातल्या प्रत्येकाला बाहेरची कामे आठवली. उरले फक्त बाबा.

पॅडचे काम एकट्याला जमते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यावे लागतात, कारण चाक हवेत गेल्यावर पाना फिरवला की नटाऐवजी चाकच फिरते. मग जॅक, आणि जॅकवर विसंबून न राहता भक्कम स्टँड. पॅडना डिस्कभोवती धरून ठेवणारा कॅलिपर सोडवला की तो तारेने बांधून ठेवायचा, रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. यात खरा पाहण्यासारखा असतो तो कॅलिपरमधला, पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन. झिजत चाललेल्या पॅडच्या मागोमाग तो इतका पुढे आलेला असतो की नव्या जाड पॅडना जागाच उरत नाही. जुना पॅड त्याच्या तोंडावर ठेवून क्लॅम्प आवळत गेले की तो नाखुशीने, अगदी तसूतसूने मागे सरकतो, आणि तिकडे बॉनेटखालच्या टाकीतले ऑइल वर चढू लागते. ते ओसंडून गाडीवर सांडले तर रंग सोलून काढते, म्हणून क्लॅम्पचे दोन फेरे झाले की उठून टाकीत डोकावणे आले. गुडघ्यांना व्यायाम होतो, हा वेगळाच लाभ.

बाबांची गरज पडली ती ऑइलसाठी. पेडलवरचा दाब चाकापर्यंत पोचवणारे हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा मुरला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलला किमान २३० अंश सेल्सियसची मर्यादा ठरवून दिलेली आहे, त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ऑइल उकळू शकते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दबत नसला तरी वाफ दबते, त्यामुळे पेडल तळाला टेकते व गाडी मात्र चालतच राहते. हे सारे मी बाबांना समजावून सांगितले. “आम्ही इतकी वर्षं गाडी चालवली, आमचं ऑइल कधी उकळलं नाही,” असे म्हणून ते चालकाच्या सीटवर बसले.

एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू, किंचित उघडून जुने ऑइल पारदर्शक नळीवाटे बाटलीत येऊ द्यायचे, निपल बंद करायचे, आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलायचा. क्षणभर आधी उचलला तरी हवा आत ओढली जाते. म्हणजे सगळा खेळ हुकमांचा. आता ज्यांचे हुकूम आपण जन्मभर ऐकले, त्यांना गाडीखालून हुकूम कसे सोडावेत? “दाबा” एवढेच म्हणणे उद्धटपणाचे वाटत होते, आणि “बाबा, जरा दाबून धरता का?” असे विचारले की त्यांना विचार करायला वेळ मिळत होता.

शिवाय निपल उघडताच पेडल पायाखालून खाली जाते. ते जायचेच असते, पण माणूस दचकतो. बाबांनी दचकून पाय उचलला आणि नळीतून बुडबुड्यांची माळ सुर्रकन आत गेली.

“तुटलं वाटतं काहीतरी.”

“नाही बाबा, असंच होतं.”

“मग आधी सांगायचं नाही का?”

तेवढ्यात फोन वाजला. “नाही, नाही, घरीच आहे. ब्रेक दाबून बसलोय,” असे ते कोणालातरी सांगत होते, तेव्हा पाय पेडलवर नव्हता.

मागची चाके आटोपून पुढे आलो तोवर त्यांनी सूत्रे हाती घेतली होती. “दाबलाय, उघड. गेलं खाली, कर बंद. टाकीत ऑइल बघितलंस का?” हा क्रम दोघांच्याही अंगवळणी पडलेला असल्यामुळे काम झपाट्याने उरकले. नळीतून आधी काढ्यासारखे येणारे ऑइल फिकट सोनेरी झाले, बुडबुडे थांबले, पेडल टणक लागू लागले.

प्रश्न उरला तो अर्ध्या बाटलीचा. सील फोडलेले ऑइल बाटलीतही ओलावा ओढते, त्यामुळे ते पुढच्या खेपेसाठी राखून ठेवण्यात अर्थ नसतो, हे मी बाबांना पुन्हा अंशांसकट सांगितले. बाटली सध्या कपाटात आहे. तिच्यावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे : ‘ब्रेक ऑइल. चांगले आहे. टाकू नये.’