लाइट हेवीवेटचा पहिला चॅम्पियन टाका नाही, पेरो अग्वायो

एक पोस्ट आहे जी दर दोन-तीन महिन्यांनी फिरून परत येतेच, नव्वदच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या आठवणींची. त्यात लाइट हेवीवेट टायटलबद्दल, म्हणजे हेवीवेटहून हलक्या पैलवानांच्या किताबाबद्दल, चार दावे असतात. एक, हे टायटल डब्ल्यूडब्ल्यूएफने १९९७ मध्ये काढलं आणि पहिला चॅम्पियन जपानी पैलवान टाका मिचिनोकू. दोन, मेक्सिकोत त्याच नावाचा बेल्ट होता पण तो नुसता नाव चोरून बनवलेला, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. तीन, तसंही ते हलक्या पोरांचं मधल्या वेळेचं काम. आणि चार, सगळं आधीच ठरलेलं असतं तर इतिहास कसला डोंबलाचा. परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर ती परत आली आणि वीस जणांनी अंगठे दिले, मला काही राहवेना. आपण सगळे डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळत मोठे झालोय, कोणाचं वजन किती न् उंची किती हे तोंडपाठ होतं, मग निदान ज्याचं त्याला द्या.

आधी १९९७ चं बघू. टाकाने ७ डिसेंबर १९९७ ला स्प्रिंगफील्डमध्ये ब्रायन क्रिस्टोफरला हरवून टूर्नामेंट जिंकली हे खरंय, आणि कंपनीची अधिकृत यादी तिथूनच सुरू होते हेही खरंय, त्यामुळे पोस्ट लिहिणाऱ्याने यादी बघितली आणि खाली उतरवून घेतली. पण हे टायटल जन्मलं १९८१ मध्ये, मेक्सिकोत, आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये पहिल्यांदा ते कमरेला बांधलं पेरो अग्वायोने. पेरो म्हणजे कुत्रा. झाकातेकास राज्यातल्या नोचिस्त्लानचा गडी, पायात केसाळ बूट, अंगात तसंच केसाळ जाकीट, आणि वर्षानुवर्षं रक्त काढून काढून कपाळाची झालेली चाळण, एकदा फोटो बघितला की विसरत नाही. तो ज्या कंपनीत होता तिचं नाव यूडब्ल्यूए, १९७५ मध्ये फ्रान्सिस्को फ्लोरेस, रे मेंडोझा, रेने ग्वाहार्दो ही मंडळी ईएमएलएल या मेक्सिकोतल्या जुन्या कुस्ती कंपनीतून फुटली आणि त्यांनी ती काढली. मेक्सिको सिटीला लागून नाउकाल्पान आहे, तिथलं एल तोरेओ म्हणजे बैलांच्या झुंजीचं मैदान हा त्यांचा मुख्य आखाडा. पुढची चौदा-पंधरा वर्षं हा बेल्ट मुख्यतः या वर्तुळात फिरला. अग्वायोकडून दुसऱ्याकडे, परत अग्वायोकडे, मग फिशमन, ग्रान हमाडा, आणि वियानो तिसरा, जो रे मेंडोझाचाच मुलगा. मेंडोझाची पाच पोरं वियानो या एकाच नावाने आणि नंबराने लढायची, त्यातल्या तिसऱ्याने हा बेल्ट इतक्या वेळा जिंकला की मेक्सिकोतल्या जुन्या माणसांना लाइट हेवीवेट म्हटलं की तोच आठवतो. आपल्या पोस्टमध्ये यातलं एकही नाव नाही.

आता दुसरा दावा, नकली बेल्टचा, याचा मला खरंच राग येतो. त्या काळात डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि यूडब्ल्यूएमध्ये उघड देवाणघेवाण होती, पैलवान इकडून तिकडे जायचे. आंद्रे द जायंट तोरेओत लढलाय, १९८४ मध्ये एल कानेक या मेक्सिकन पैलवानाने त्याला उचलून आपटलेलं मेक्सिकोत अजून सांगितलं जातं. जपानच्या न्यू जपान या कंपनीशी पण तसंच होतं, फुजिनामी, टायगर मास्क, डायनामाइट किड ज्या ज्युनियर हेवीवेट टायटलसाठी लढले त्यावर पण डब्ल्यूडब्ल्यूएफचंच नाव होतं, त्याला कोणी नकली म्हणत नाही. १९८५ मध्ये न्यू जपानशी संबंध संपले आणि ते ज्युनियर टायटल बंद पडलं, पण मेक्सिकोतलं लाइट हेवीवेट चालूच राहिलं. १९९५ मध्ये यूडब्ल्यूए बंद पडली तेव्हा तो बेल्ट जपानमध्ये होणाऱ्या मॅचेसमध्ये राहिला.

पुढचं तर ऐकाच. ५ ऑगस्ट १९९६ ला टोकियोच्या र्‍योगोकु हॉलमध्ये आठ वेगवेगळी टायटलं एकत्र करून जे-क्राउन नावाचा एकच किताब केला, ग्रेट सास्के या जपानी पैलवानाने तो जिंकला, आणि त्या आठांतलं एक हेच डब्ल्यूडब्ल्यूएफ लाइट हेवीवेट. ऑक्टोबरात सास्केला हरवून ते सगळं उल्तिमो ड्रॅगनकडे गेलं, आणि हा उल्तिमो ड्रॅगन त्या वेळी लढत होता डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अमेरिकेतल्या प्रतिस्पर्धी कंपनीत. डिसेंबर १९९६ च्या स्टारकेडमध्ये त्याने डीन मॅलेंकोला हरवून तिथलं हलक्या गटाचं क्रूझरवेट टायटल पण घेतलं, आधीचं एनडब्ल्यूए मिडलवेट होतंच, म्हणजे जे-क्राउनची आठ धरून एका माणसाकडे दहा टायटलं. त्याचा तो फोटो आठवा, कमरेला बेल्ट, दोन्ही खांद्यांवर बेल्ट, हातांवर बेल्ट. म्हणजे सोमवारी रात्री टीव्हीवर ज्या दोन कंपन्यांचं हाडवैर चाललं होतं त्यातल्या एकीच्या मैदानात दुसरीचा चॅम्पियन उभा होता. मग तो किताब लायगर, एल सामुराई असं करत शिनजिरो ओतानीकडे गेला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने आपलं टायटल परत मागितलं म्हणून अख्खा जे-क्राउन मोडावा लागला. एका महिन्यात टाका चॅम्पियन. आता तुम्हीच सांगा, जी वस्तू आपली नव्हतीच ती कोणी परत मागतं का?

माझ्यासाठी मात्र सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. १९ जानेवारी १९९७, रॉयल रंबल, सॅन अँटोनियोचा अलामोडोम, साठ हजारांवर माणूस. त्या रात्री मेक्सिकोच्या एएए कंपनीशी ठरवून सहा जणांची मॅच लावली होती, एका बाजूला एल कानेक, हेक्टर गार्सा आणि पेरो अग्वायो. होय, तोच. वयाची पन्नाशी ओलांडलेला माणूस वरच्या दोरावर चढला आणि दोन्ही पाय जोडून खाली पडलेल्या हेवी मेटल नावाच्या समोरच्या पैलवानाच्या अंगावर उतरला, मॅच तिथेच संपली. म्हणजे या टायटलचा पहिला मानकरी त्यांच्याच रिंगमध्ये, त्यांच्याच सगळ्यात मोठ्या शोपैकी एकात जिंकून गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जगाला सांगितलं गेलं की पहिला चॅम्पियन टाका आहे.

यात टाकाचा काही दोष नाही हां, तो भारीच होता, आणि त्याचं मूळ शोधलं तर तेही मेक्सिकोतच जातं. ग्रान हमाडा हा न्यू जपानचा बुटका पैलवान, सत्तरच्या दशकात मेक्सिकोला गेला आणि तिथे स्टार झाला. १९९० मध्ये जपानात युनिव्हर्सल नावाची लुचा लिब्रे म्हणजे मेक्सिकन कुस्तीच्या पद्धतीची कंपनी उभी राहिली तिचा हमाडा मोठा चेहरा, तिथे सास्के घडला, तेव्हा तो मासा मिचिनोकू नावाने लढायचा, आणि त्याच्या पाठोपाठ तिथेच टाका. मिचिनोकू म्हणजे जपानच्या ईशान्येकडचा मुलूख, सास्केने पुढे त्याच नावाची कंपनी काढली. आपल्याकडे वस्ताद कोण, तालीम कुठली हे आधी विचारतात ना, तसं विचारलं तर टाकाची तालीम हमाडामार्गे तोरेओपर्यंत जाते.

तिसरा दावा, हलक्या पोरांचा टाइमपास. हा गैरसमज अमेरिकेच्या चष्म्यातून आलाय, तिथे हेवीवेट म्हणजेच सगळं. मेक्सिकोत वजनी गट हाच कणा, लाइटवेट ७० किलोपर्यंत, वेल्टर ७७, मिडल ८७, लाइट हेवी ९७. वजन काटेकोर पाळलं जायचंच असं नाही, पण मान त्या त्या गटाला होता. ईएमएलएल सुरू झाली १९३३ ला आणि १९३४ पासून तिथे राष्ट्रीय लाइटवेट किताब आहे. एल सांतो, ज्याच्याएवढा मोठा मास्कवाला दुसरा झाला नाही, त्याने नाव कमावलं वेल्टर आणि मिडलवेटमध्ये, आणि १९५३ मध्ये ब्लू डेमन या दुसऱ्या मास्कवाल्याने त्याच्याकडून घेतलं तेही जागतिक वेल्टरवेटच. हे हेवीवेट नव्हते, तरी मैदानं यांच्याच नावावर भरायची. टाइमपासची भावना आली ती १९९८ नंतर, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या गोल्डबर्ग या स्टारची नक्कल करणाऱ्या गिलबर्गला बेल्ट दिला आणि जवळपास पंधरा महिने तो त्याच्याकडेच पडून राहिला, ते त्या कंपनीने केलं, टायटलने नाही.

चौथ्याचं थोडक्यात. निकाल ठरलेला असतो, मान्य, लहान पोराला पण कळतं. पण कोणाच्या कमरेला बेल्ट बांधला तर तोरेओ भरतं हे प्रमोटर डोळ्यांनी बघून ठरवायचा, आणि कपाळावरच्या त्या खुणा ठरवून झाल्या तरी रक्त खरंच होतं. बेल्ट कुठून कुठे गेला, कोणी मागवला, कोणाचं नाव यादीतून गेलं, हे सगळं तारीखवार घडलेलं आहे, त्याला इतिहास नाही तर काय म्हणायचं.

गिलबर्गकडून तो बेल्ट फेब्रुवारी २००० मध्ये काढला एसा रिओसने. हा तोच मेक्सिकन पोरगा जो रेसलमेनिया १४ मध्ये आगिला नावाने टाकाशी याच टायटलसाठी लढून हरला होता. अग्वायो २०१९ च्या जुलैमध्ये गेला. पोस्ट टाकणाऱ्या आमच्या दोस्ताला मी अलामोडोमच्या मॅचबद्दल सांगितलंय, त्याने बघितली, आणि पोस्टमधली ती ओळ बदलून १९८१ करतो म्हणालाय. बाकी ग्रुपवाल्यांनो, तुम्ही पण पुढे पाठवताना बदला.