परसोंचं सीट

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं म्हणतात. आमच्या घरात मात्र जर्मनीला थारा नाही. दारात उभी आहे ती इटलीची लेक, मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी. तिचं पद्मिनी हे नाव अण्णांना मान्य नाही. ते तिला अजून फियाटच म्हणतात. सासरी नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात, तसं.

१०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, आणि पुढं एकसलग बाकडं. या बाकड्यावर आमचं बालपण गेलं. उजवीकडं अण्णा, डावीकडं काका आणि मधे मी, गुडघे आवळून. अण्णांनी गिअर बदलला की त्यांचं कोपर माझ्या कानावर यायचं. गाडी कितव्या गिअरमध्ये आहे ते मला कानानं कळायचं, पण आवाजावरून नव्हे.

गेल्या दिवाळीत ताई भाऊबिजेला आली आणि हौसेनं गाडीत बसली. उतरताना ती उतरली, पैठणी उतरली नाही. सीटमधून वर आलेल्या स्प्रिंगेनं पदरातला मोर धरून ठेवला होता. येवल्याची नव्हे, पैठणचीच पैठणी. ताई काही बोलली नाही, पण ओवाळताना निरांजन माझ्या मिशीच्या फार जवळून फिरलं. सीट करून घ्यायचं तेव्हाच ठरलं. मुहूर्त मात्र एप्रिल उजाडल्यावर लागला.

सीट चार नटांवर असतं. तीन नट अर्ध्या तासात निघाले. चौथ्यानं रात्रभर रॉकेल पिऊन सकाळी हातोडीचे सोळा घाव खाल्ले आणि मग बोल्टासकटच तुटला. खाली वीस पैशाचं नाणं, शेंगांची टरफलं आणि उंदराचं नांदतं घर. सीटातला नारळाचा काथ्या ओढून, वर कापूस अंथरून त्यानं इतकी सुबक गादी केली होती, की पुढं सीटवाल्याकडं चकरा मारताना मला त्या कारागिराची फार आठवण आली. त्यानं निदान काम पुरं केलं होतं.

सीटवाला म्हणजे बसस्टँडच्या मागच्या गल्लीतले उस्ताद. सगळे त्यांना मामू म्हणतात. माणूस हातानं सोनं आहे. दाभण हातात घेतलं की बघत राहावं. त्यांनी जुनं सीट माझ्यासमोर उसवलं. वर रेक्झिन, खाली कापसाचा पातळ थर, मग काथ्या, मग बारदाना, सगळ्यात खाली स्प्रिंगा. ड्रायव्हरच्या बाजूला बारदाना फाटून काथ्या पार स्प्रिंगेत गेला होता. मामूंनी त्या खड्ड्यात मूठ घालून विचारलं, “वालीदसाब वजनदार है क्या?” अण्णांचं वजन बावन्न किलो. पण चाळीस वर्षं बावन्न किलो एकाच जागी.

मग रंगाचा प्रश्न आला. अण्णांना मूळचाच मरून पाहिजे होता. बायकोचं म्हणणं, धुतलं की निघालं पाहिजे. मामूंनी शंकरपाळ्याच्या आकाराची शिलाई असलेलं, लाल दोऱ्याचं काळं रेक्झिन पुढं केलं. “आजकल येच चल्रा.” एका शेजाऱ्यानं औरंगाबादहून हिमरूचं रेशमी कापड आणून लावायचं सुचवलं, तेव्हा बायकोनं फक्त ‘ताई बसणार आहे’ एवढंच म्हटलं आणि तो विषय संपला.

रेक्झिन हे मुळात इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या एका कंपनीचं नाव. त्यांचा माल म्हणजे कापडावर चढवलेला सेल्युलोजचा थर. आज आपण घेतो ते पीव्हीसी, पण नाव तेच राहिलं. म्हणजे अण्णांच्या फियाटसारखंच. हे मी मामूंना सांगितलं. ते म्हणाले, “हौ. पाँच मीटर लगता.”

फोमचंही तसंच. ‘बत्तीस डालू के चालीस?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, भाव आहे. ती डेन्सिटी निघाली. एक घनमीटर फोमचं वजन जितके किलो, तितकी डेन्सिटी. मी आयुष्यभर जास्त आकड्याला चांगलं समजत आलोय, दहावीपासून. म्हणालो, चाळीस. इथं माझं चुकलं, पण ते पुढं येईल.

“कधी मिळंल?”

“परसों.”

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. ‘परसों’ मात्र इथंच राहिला. आमच्याकडं या शब्दाला तारीख नसते. परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस किंवा येऊ घातलेला कुठलाही दिवस. मामूंचं लग्नही परसों झालं होतं आणि त्यांचा नातू परसों दहावीला बसणार होता. माझं सीट या दोन्हींच्या मधे कुठं तरी होतं.

एप्रिलमध्ये गेलो तर ऊन आडवं आलं. रेक्झिन चढवण्याआधी उन्हात टाकावं लागतं, मऊ पडलं की ताणून बसवता येतं आणि सुरकुती राहत नाही. पण परभणीचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसचं. “इत्ती धूप में पापड होता ना सायेब, रेक्झिन नै होता.” जूनमध्ये शिलाई मशीन बिघडली. जुलैमध्ये गेलो तर आभाळ भरलेलं. “धूपच नै. कैसा ताणू?” मला रागही येईना, कारण दोन्ही वेळा वर बघितलं तर माणूस खरंच बोलत होता.

अण्णांना यात काही वावगं वाटत नव्हतं. “मी ही गाडी नंबर लावून किती वर्षांनी आणली ठाऊकाय का? तू सीटासाठी कामून तळमळायलास?” त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं हे खरं. बॅटरी उतरू नये म्हणून मी भाजीचा क्रेट उपडा ठेवून त्यावर बसून गाडी अंगणात मागं-पुढं करायचो. अण्णा बाजेवरून ‘क्लच सोड, क्लच सोड’ म्हणायचे.

पण खरा घोर दुसराच होता. माझं बाकडं मामूंच्या दुकानापुढं, पत्र्याखाली मांडलेलं होतं आणि त्यावर गल्ली बसत होती. डावीकडं एक रिटायर तलाठी पेपर वाचत. उजवीकडं एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हरमामा. ते बसायचे नेमके ड्रायव्हरच्याच जागी, अण्णांच्या खड्ड्यात. मांजरसुंब्याचा घाट सांगताना हात स्टिअरिंगवर असल्यासारखे फिरायचे. अर्धं उसवलेलं सीट, खाली स्प्रिंगा कुरकुरतायत, आणि हे तिसऱ्या गिअरमध्ये. मी एकदा जोरात म्हणालो, “मामा, ते गिऱ्हाइकाचं सीट आहे!” ते म्हणाले, “व्हय का? मग बसा की. उभं कामून?”

ऑगस्टच्या शेवटी दोन दिवस कडक उघडीप पडली. मामूंचा पोरगा निरोप घेऊन आला. सीट तयार. मरून रंग, कडेला पांढरी पायपिंग, टाके असे की मोजून घ्यावेत. पोटाच्या बाजूला तारेच्या रिंगा एकेक करून पकडीनं दाबलेल्या. शोधूनही चूक सापडेना. मी पैसे दिले, चार नवे नट-बोल्ट ग्रीस लावून आवळले आणि अण्णांना मानानं स्टिअरिंगवर बसवलं.

अण्णांचे पाय क्लचला पुरेनात. मी बसलो, तर डोकं छताला. नव्या स्प्रिंगा, त्यावर चार इंच चाळीस डेन्सिटी. जुनं सीट खाली गेलं होतं तेवढंच हे वर आलेलं. पहिल्या स्पीडब्रेकरला माझी मान अशी आखडली, की बायकोला वाटलं मी तिच्या कुठल्या तरी बोलण्याला होकार देतोय.

मामूंनी सीट अंगठ्यानं दाबून बघितलं. “नया है ना. बैठ बैठ के दबता.”

“किती बसावं लागंल?”

त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणालो, “परसों सोडून सांगा.”

“तीनसौ घंटे पकडो.”

मी हिशेब केला. गाडी फिरते ती मंडईपर्यंत, रोजची दहा मिनिटं. तीनशे तासांचे झाले अठराशे दिवस, म्हणजे पाच वर्षं. आणि अण्णा आत्ताच एक्क्याऐंशीचे.

दुसऱ्या दिवशी नट पुन्हा सोडले. ग्रीसमुळं पाच मिनिटांत निघाले. टेम्पोत घालून सीट मामूंच्या पत्र्याखाली, जुन्या जागी मांडलं आणि चार चहा सांगितले.

“बसा, तलाठीसाहेब.”

“नको हो, नवं आहे, घामाचे डाग पडतील,” ते म्हणाले. चार महिने त्यांना घाम आला नव्हता.

शेवटी डावीकडं ते टेकले. ड्रायव्हरमामा उजवीकडं बसले, नसलेला आरसा नीट केला आणि म्हणाले, “मधी बी कुणीतरी पायजेल. मधी दबलं नाही तर फुगवटा राहील.” चहावाला पोरगा पळून गेला. मामू दाभणात दोरा ओवत होते, त्यांनी मानच वर केली नाही.

मग मीच मधे बसलो, गुडघे आवळून. मामांनी घाट सुरू केला. पहिल्याच वळणाला त्यांनी गिअर खाली घेतला आणि कोपर माझ्या कानावर आलं.