आडनाव सोडा, एक आजी-आजोबा धरा

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांशी बोलताना कुलसंमेलनाचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, माणसं दुरावत चालली आहेत, वर्षातून एकदा तरी जमायलाच हवं. दुसरा म्हणतो, ग्रुपवर रोज भेटतोच की. आणि आडनावावर माणसं गोळा करणं म्हणजे शेवटी जातच गोळा करणं. दुसऱ्या तटाचा आडनावाचा मुद्दा मला पटतो. ग्रुपचा मुळीच नाही.

इकडे परदेशात, आमच्या पंधरा-वीस मराठी घरांच्या गावात संक्रांतीचं बोलावणं आडनाव विचारून जात नाही. जे आहेत त्यांच्यासोबतच जमायचं. हॉल भाड्याचा, म्हणून खुर्च्या आपणच मांडायच्या आणि भांडीही आपणच घासायची. नवखं जोडपं ‘कसं काय, बरं आहे’ एवढं बोलून गप्प होतं, पण त्याच दोघांना कोशिंबिरीच्या काकड्या चोचवायला बसवलं की तासाभरात त्यांची सगळी हकिगत कळते. भेट रंगते ती हाताला काम असलं की. महाराष्ट्रातल्या मोठ्या कुलसंमेलनांत हेच हरवतं. तीनशे माणसं, केटरर, व्यासपीठ, सत्कार, भाषणं, आणि जेवणं उरकली की गाड्या सुटतात. चुलतभावंडं शेजारी बसून दिवसभर मंचाकडे बघतात आणि घरी जातात.

म्हणून आडनाव सोडावं आणि एक आजी-आजोबा धरावेत. त्यांना सहा मुलं असतील तर सुना, जावई, नातवंडं, पतवंडं मिळून पन्नास-साठ माणसं सहज होतात. एवढ्यांची नावं एका दिवसात तोंडी बसतात. शिवाय लेकींची घरंही आपोआप येतात. अनेक कुलवृत्तांतांत वंशावळ मुलाच्या अंगाने पुढे सरकते आणि मुलीपाशी थांबते. ज्या आत्याकडे सगळी भावंडं मे महिना काढायची, तिचीच नातवंडं बाहेर राहतात. हे मला फार लागतं.

सगळ्यात अवघड तारीख. अमेरिकेतल्या शाळा ठिकाणाप्रमाणे मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत सुटतात, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात. दोघांचं जुळलंच तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, तेही जेमतेम. इंग्लंडमधल्या शाळा तर जुलैच्या उत्तरार्धात सुटतात. ऑस्ट्रेलियासकट सगळे यायचे असतील तर डिसेंबरचा शेवटचा आठवडाच उरतो; महाराष्ट्रातल्या मुलांची दोन दिवस शाळा बुडाली तर बुडू द्यावी. तारीख आठ-दहा महिने आधी ठरली नाही, तर रजा आणि तिकिटं या दोन्हींत कुणीतरी गळतंच.

जेवणाच्या बाबतीत पॉटलकची, म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायची, पद्धत तिकडे नेण्यासारखी आहे, पण तिच्यातही चुका होतात. प्रत्येक घर सगळ्यांना पुरेल एवढं करून आणतं. बारा पदार्थ असले की जो तो प्रत्येकातलं चमचाभर घेतो, त्यामुळे चाळीस माणसांत एकेक भाजी पंधरा जणांपुरती पुरते. भात मात्र सगळेच घेतात, त्याला तीन किलो तांदूळ लागतात. ‘काहीही आणा’ म्हटलं की चार श्रीखंडं येतात आणि आमटी एकही नाही. यादी करताना आधी जागा ठरवाव्यात: दोन भाज्या, एक उसळ, एक आमटी, एक गोड, मग नावं घालावीत. वाढायचे डाव आणि कचऱ्याच्या पिशव्या हमखास विसरतात. ते काम स्वयंपाक न येणाऱ्यांना द्यावं.

इथे एकाच गोष्टीची उणीव भासते, वडीलधाऱ्यांची. आमच्या मेळाव्यांत चाळिशीतले आईबाप आणि त्यांची मुलं. पंचाहत्तरीचं माणूस क्वचितच, तेही सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेलं. तिकडे ती माणसं आहेत आणि त्यांच्या हाती शाल-श्रीफळ देऊन त्यांना कोपऱ्यात बसवलं जातं. त्यापेक्षा भिंतीवर चार-पाच मीटर कागद लावा, वर आजी-आजोबांची नावं लिहा, खाली ज्याने त्याने आपापली लिहावीत. चुका दुरुस्त करायला म्हातारी माणसं आपणहून उठतात. जुने फोटो त्यांच्यापुढे ठेवा, मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नुसता आकडा टाका (शाई कालांतराने पुढे उमटते) आणि आकडा उच्चारून ती काय सांगतात ते फोनवर रेकॉर्ड करा. सगळ्यांचा एकत्र फोटो जेवणाआधीच काढावा.

जे येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी वेळ नीट धरावी. जूनमध्ये भारतात संध्याकाळी साडेसहा वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे दोन, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ आणि सिडनीला रात्रीचे अकरा. फोन स्टँडवर उभा करून ठेवला तर पलीकडच्याला फक्त कलकलाट ऐकू येतो. एखाद्या पोराच्या हाती द्यावा आणि त्याने तो एकेका माणसापाशी न्यावा, एका वेळी एकच माणूस, बाजूच्या शांत खोलीत.