लेखनिकासाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतंच, हे खरं नाही

परीक्षा जवळ आल्या की एक मेसेज फिरू लागतो: ‘४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल, तर लेखनिक (परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारा) किंवा जादा वेळ मिळत नाही.’ ही माहिती चुकीची आहे आणि तिच्यामुळे मुलं अर्जच करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची अट आहे ती आरक्षणासारख्या लाभांसाठी. लेखनिकाचा प्रश्न वेगळा. लिहिताना बोटं आखडतात अशा एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही असं सांगत, त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर, ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला त्रास होणाऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देण्याची तरतूद केली.

अर्थात नुसतं ‘हात दुखतो’ म्हणून चालत नाही. लिहिण्यात अडचण आहे, असं सरकारी रुग्णालयाचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र हवं. त्याला वेळ लागतो, म्हणून हॉलतिकिटाची वाट बघत बसू नका. अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. खिडकीवरच ‘होत नाही’ म्हणाले, तर तेही लेखी मागा.