चिपवाल्या गाडीची चेक लाइट बॅटरी काढून कायमची जात नाही

कळंबोली, तुर्भेच्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की पॉवरसाठी चिप लावल्यावर चेक लाइट (डॅशबोर्डवरची इंजिनची लाइट) आली तर बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) चिपला शिकून घेतो, लाइट परत येत नाही. भावांनो, हे चुकीचं आहे. बाहेरून लावतात तो चिपचा डबा बहुतेक वेळा रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा) आणि ईसीएमच्या मधे बसतो आणि प्रेशर खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून ईसीएम प्रेशर अजून वाढवतो. यात शिकण्यासारखं काही नाही. बॅटरी काढून ईसीएममधला बिघाडाचा कोड पुसला गेला तरी कारण तिथंच राहतं, आणि बऱ्याच गाड्यांत तर कोडही पुसला जात नाही.

स्कॅनर लावला की कळतं. पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी, पी००८८ म्हणजे जास्त. चावी बंद करून डबा काढा, ओरिजिनल कनेक्टर थेट जोडा, पिना वाकल्यात का, पावसाचं पाणी शिरलंय का बघा, कोड पुसून गाडी लोडवर चालवा. कोड नाही आला तर दोष डब्यात किंवा त्याच्या वायरिंगमध्ये, आला तर डिझेल फिल्टर, सेन्सर तपासा. आणि लाइट नुसती घालवून घाटात लोड ओढू नका, इंजेक्टर, पंपाचा खर्च लय मोठा आहे.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.