लिफ्टचा मेंटेनन्स आणि दुसऱ्याचं आजारपण

"मी रोज पहाटे पर्वती चढतो, सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. कुणाच्या तरी गुटख्याचं बिल मी का भरायचं?" आरोग्य विमा सक्तीचा असावा का, यावर घरच्या ग्रुपवर जुंपली तेव्हा कोथरूडच्या मावसभावाने हे टाकलं. खाली अंगठ्यांची रांग.

इथे स्टुटगार्टला हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण पगार हातात येण्याआधीच विम्याचे पैसे कापलेले असतात. पगाराचे १४.६ टक्के, वर ज्या त्या कासेची (म्हणजे इथल्या आरोग्य विमा संस्थेची) जादा वर्गणी. निम्मे माझे, निम्मे कंपनीचे. माझं वय, वजन, साखर कुणी विचारत नाही. पगार बघतात, तोही एका मर्यादेपर्यंतच. बायकोला नोकरी नव्हती, पोरं लहान होती, तेव्हा त्यांच्यासाठी एक सेंटही जास्त द्यावा लागला नाही. म्हणजे वरच्या मजल्यावरचा सडाफटिंग इंजिनिअर आमच्या बाळंतपणाला हातभार लावत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

भावाचं ठरलेलं उत्तर : "जर्मन माणूस शिस्तीचा. आपल्याकडे नाही चालायचं." इथे माझं डोकं फिरतं. जर्मन चान्सलर बिस्मार्कने १८८३ मध्ये आरोग्य विम्याचा कायदा आणला तो लोकांची शिस्त बघून नव्हे. कामगार समाजवाद्यांकडे ओढले जात होते, १८७८ च्या बंदीनेही ते थांबेनात, म्हणून. आणि आपल्याकडे चालत नाही म्हणे! ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, काय आहे मग? मूळ कायदा १९४८ चा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के सक्तीनेच जातात. भावाच्या गेटवरचा वॉचमन (एजन्सी सरळ असेल तर) या विम्यात आहे. वाटून घ्यायची सक्ती वॉचमनला, आणि स्वातंत्र्यावरची भाषणं एसयूव्हीवाल्यांची.

गंमत म्हणजे हाच भाऊ सोसायटीचा चेअरमन. तळमजल्यावरच्या काकांनी 'मी लिफ्ट वापरत नाही, पैसे देणार नाही' म्हटलं तेव्हा याने उपविधी उघडून दाखवले होते : लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू.

एक आक्षेप मला पटतो. सक्ती करून पैसे खासगी कंपन्यांच्या नफ्यात जाणार असतील तर नकोच ती सक्ती; इथल्या कासे नफ्यासाठी चालत नाहीत. पण ग्रुपवर हा मुद्दा कुणाचाच नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला तेव्हा सगळे खूश होते. वयाबरोबर मूळ हप्ता चढतच राहतो, त्याबद्दल चकार शब्द नाही.

इथेही सगळं गोड नाही. त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत पुरळ आपोआप जाते, आणि प्रिवाटवाल्याला (खासगी विमा असलेल्याला) पुढच्याच आठवड्यात बोलावतात. माझ्या पगारात प्रिवाटला जाता येतं. मी गेलेलो नाही, आणि हे मी जरा जास्तच वेळा लोकांना ऐकवतो.

माझ्या आईवडिलांना मात्र यातलं काहीच लागू नाही. पंचावन्न ओलांडून बाहेरून येणाऱ्याला कासेचं दार जवळपास बंदच असतं. स्टुटगार्टातल्या अनोळखी म्हाताऱ्यांचे खुबे माझ्या पगारातून बदलले जातात, आईचा गुडघा नाही. तिची खासगी पॉलिसी आहे, हप्ता मी इथून भरतो. भरणं तेवढंच जमतं. बाबांच्या छातीत रात्री दुखलं तेव्हा गाडी काढून सिंहगड रोडला धावला तो पर्वती चढणारा भाऊच. डिपॉझिटही त्याने भरलं, आणि पैसे परत घेताना आढेवेढे घेतले.

हे ठाऊक असूनही मी त्याला ग्रुपवर सुनावतो. तो लिहितो, "तू काय, तिकडून बोलायला मोकळा." त्यावर मी पुन्हा १४.६ टक्क्यांचा हिशेब पाठवतो.